नाडी आणि लाकडी घोडा

मी शाळेत बसवण्यालायक झालो आहे की नाही, यावरून आमच्या घरात दोन पक्ष पडले होते. एका पक्षात अण्णा, दुसऱ्या पक्षात आई. पाळण्यातली धाकटी बहीण तटस्थ होती. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी माझं मत घोड्यापलीकडे गेलं नसतं. पण घोड्याकडे येण्याआधी घर सांगितलं पाहिजे, कारण त्या घराबाहेर हे सगळं घडलंच नसतं.

श्रीवर्धनला आमची सुपारीची वाडी होती. फार मोठी नव्हे, पण आईला हाक मारून कंटाळा येईल एवढी लांब. पहाटे रहाट सुरू व्हायचा. त्याचं ते कुर्रऽ कुर्रऽ ऐकत मी अंथरुणात पडून असे. रहाट थांबला की समजायचं, रेडा दमला किंवा गडी तंबाखू मळायला बसला. मग स्वयंपाकघरातून बिड्याच्या तव्यावर घावन पडल्याचा चर्र आवाज, मग बहिणीचं रडणं, आणि मग अण्णांचं खाकरणं. अण्णा मामलेदार कचेरीत कारकून होते आणि घरी असतानाही कचेरीतल्यासारखेच खाकरत. दिवाळी झाली की वाडीत सुपारी उतरवायचं काम निघे. पिकलेल्या सुपारीचे शेंदरी घड अंगणात येऊन पडत, सोलणाऱ्या बायका गोल करून बसत, आणि साऱ्या अंगणाला एक ओलसर, तुरट, किंचित आंबूस वास येई. तो वास आजही कुठे आला, तर माझे हात आपोआप कमरेकडे जातात. का, ते पुढे कळेलच.

त्या दिवाळीनंतर वाडीच्या कडेनं वाहणाऱ्या वहाळापलीकडे कुसुमताईंनी आपल्या घराच्या ओटीवर बालवाडी काढली. ताई पुण्याला शिकून आलेल्या, पांढरं नेसणाऱ्या, आणि मुलांना 'अहो' म्हणणाऱ्या. मुलांना अहो! गावात त्याचीच चर्चा जास्त झाली. शेजारची सुधा पहिल्याच दिवशी तिथे दाखल झाली. ती माझ्याएवढीच, साडेचार-पाच वर्षांची, पण बोलण्यात पन्नाशीची. रोज दुपारी येऊन ती मला बातम्या सांगायची.

"आमच्याकडे लाकडी घोडा आहे. डुलतो. त्याला खऱ्या केसांची शेपूट आहे."

"खऱ्या घोड्याच्या?"

"मग काय ताईंच्या? आणि दहा वाजता दूध मिळतं. आणि तुला येऊ देणार नाहीत. तू अजून आईच्या हातून नाडी बांधून घेतोस."

घोडा माझ्या डोळ्यांसमोर डुलू लागला तो तेव्हापासून. आमच्याकडे रेडा होता, पण तो रहाटाला बांधलेला, आणि त्याच्यावर बसायला गेलो तर त्याने मला एकदा पाटाच्या पाण्यात बसवलं होतं.

अण्णांची परीक्षा सोपी होती. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की पोरगं शाळेला तयार, हा त्यांचा कायदा. त्यांनाही तसंच घातलं होतं, त्यांच्या वडिलांनाही. त्यांनी मला ओटीवर उभं केलं. माझी बोटं कानाच्या वर दोन बोटांवर अडली. अण्णा खाकरायला तोंड फिरवतात न फिरवतात तोच मी मान वाकडी करून कान हाताकडे आणला. अण्णा वळले, तर मी कान धरून उभा. "बघा," ते आईला म्हणाले, "पोचतो." या फसवणुकीबद्दल मला त्या वेळी काही वाटलं नाही. आता वाटतं, पण आता माझे दोन्ही कान यंत्र लावल्याशिवाय उपयोगाचे नाहीत, तेव्हा हिशेब मिटला असं धरतो.

आई मात्र कानाला बधणारी नव्हती. तिचा प्रश्न कमरेखालचा होता.

त्याला इतिहास होता. आई माझ्या चड्ड्या मांजरपाटाच्या शिवायची आणि त्यात नाडी ओवायची. ती बांधून द्यायची सुरगाठ; माझा हात लागला की तिची निरगाठ व्हायची. मग मी दोन्ही गुडघे एकमेकांना घासत स्वयंपाकघरात येई, आणि आई हातातली पळी खाली ठेवून, गुडघ्यांवर बसून, ती गाठ दातांनी सोडवी. माझ्या लहानपणीचं आईचं चित्र डोळ्यांपुढे आणायला गेलो तर चेहरा नंतर येतो, आधी तिच्या भांगातलं कुंकू दिसतं, कारण मला वरून तेवढंच दिसायचं. त्याच वर्षी गौरी जेवल्या त्या दिवशी आई वाढत होती आणि मला थांबणं शक्य नव्हतं. जे व्हायचं ते पंगतीच्या मधोमध झालं. ताकाचं पातेलं कलंडलं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. पण ताक कुणी मागितलं नाही.

"इथे मी आहे," आई अण्णांना म्हणाली. "तिथे वहाळापलीकडे कोण? बाळीला पाळण्यात टाकून मी धावत जाऊ? त्या ताई त्याला अहो म्हणतील, पण नाडी सोडतील का?"

"शिकेल तो."

"मग शिकू दे आणि जाऊ दे. शनिवारी एक सकाळ त्याला बसवून बघते म्हणाल्यात ना त्या? शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नाडी आपली आपण बांधून आपली आपण सोडून दाखवली, तर शनिवारी जाईल. नाहीतर पुढच्या वर्षी. माझं काही म्हणणं नाही."

'माझं काही म्हणणं नाही' असं आई म्हणाली की तिचं तेच म्हणणं असतं आणि ते शेवटचं असतं, हे अण्णांनाही ठाऊक होतं. ते खाकरले आणि कचेरीत गेले.

माझ्यापाशी चार दिवस होते. पहिले दोन मी दाराच्या कडीला सुतळी बांधून सराव करण्यात घालवले. तिसऱ्या दिवशी ते दार उघडेना. सुतळी विळीवर कापावी लागली, आणि अण्णांनी माझ्याकडे पुढच्या वर्षाकडे बघतात तशा नजरेनं बघितलं. तेव्हा मी धोंडूकडे गेलो.

धोंडू आमच्याकडे सुपारी उतरवायला यायचा. काटकुळा, काळा, वय विचारलं तर "हाय की" म्हणणारा. पायांत दोरीचा फास अडकवून तो पोफळीवर असा चढायचा, की झाडच खाली सरकतंय असं वाटावं. शेंड्यावर पोचला की झाड झुलवून हात लांब करून पुढची पोफळ धरायचा आणि जमिनीला पाय न लावता रांगच्या रांग उतरवायचा. घड टाकण्याआधी वरून ओरडायचा, "बाजूला व्हाऽऽ!" त्या हाकेला आमच्याकडे माणसं, कोंबड्या, सगळी निमूट बाजूला व्हायची. त्या दिवशी तो वहाळाकडच्या रांगेवर होता. त्याच रांगेखालून वाट साकवावर जायची. साकव म्हणजे पोफळीचीच चार खोडं वहाळावर आडवी टाकलेली.

तो खाली उतरून पायातला फास सोडत असताना मी माझी अडचण मांडली. त्यानं ती फार गांभीर्यानं ऐकली.

"म्हंजे तुला गाठ पायजे."

"हो."

"पक्की?"

"एकदम पक्की," मी म्हणालो. इथेच चुकलं. मी 'सुटणारी' म्हणायला हवं होतं. पण साडेचार वर्षांच्या माणसाला पक्केपणाचं फार आकर्षण असतं.

"मग ही बग. ही आमची गाठ. माज्या बापाची, त्याच्या बापाची. ही वर सुटली तर धोंडू गेला. म्हनून ही सुटत न्हाय." आणि त्यानं माझीच नाडी हातात घेऊन गाठ मारली. एक वेढा, त्याच्याखालून दुसरा, मग शेपूट आत. मी बघितलं. त्यानं सोडली, मी बांधली. पाचव्यांदा जमली. धोंडूनं दोन बोटं घालून मला नाडीनं उचललं. मी हवेत लोंबलो. गाठ हलली नाही.

"झालास पास," तो म्हणाला, गाठ सोडून दिली आणि पुढच्या झाडावर चढला.

सोडायची कशी, हे सांगायचं-विचारायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

माझ्या लक्षात ते शुक्रवारी दुपारी आलं, आणि तोपर्यंत धोंडू वहाळाकडची सगळी रांग उतरवून दुसऱ्या वाडीत गेला होता. त्या रांगेचे घड अंगणात येऊन पडले होते. मी खांबाआड उभं राहून नाडीशी झटलो. गाठ सुटेना. आणि मग, देवानं मूर्खांसाठीही एक-दोन युक्त्या राखून ठेवलेल्या असतात, मी श्वास आत घेतला, पोट पाठीला लावलं, आणि चड्डी बांधलेलीच्या बांधलेली सुर्रकन खाली आली. तेव्हा मी इतका किडकिडीत होतो, की कमरेला कंबर का म्हणायचं हा प्रश्न पडावा.

संध्याकाळी आईसमोर परीक्षा झाली. मी नाडी बांधली. आईनं ओढून बघितली, तिच्या भुवया वर गेल्या. "अगबाई!" ती म्हणाली. "आता सोड."

"तू बघायचं नाही," मी म्हणालो आणि न्हाणीघरात गेलो. पोट आत, चड्डी खाली. ती हातात घेऊन, नाडी मुठीत लपवून मी बाहेर आलो. आईनं माझ्याकडे बघितलं. ती हसली, पण हसताना तिनं पदर उगाचच सारखा केला. तिला आनंद झाला असं मी धरून चाललो. आज वाटतं, हरलेल्या पक्षाला होतो तेवढाच आनंद तिला झाला असावा.

शनिवारी सकाळी आईनं मला खायला घातलं. पोरगं पहिल्यांदा परक्या घरी बसणार, म्हणून तिनं तव्यासमोर बसवून घेतलं आणि ऊन ऊन घावन, वर नारळाचं गूळ घातलेलं दूध, असं सुरू केलं. "अजून एक. तिथे भूक लागली तर कुणाला सांगशील?" सहाव्या घावनापर्यंत मी मोजलं. मग तिनं माझी नवी चड्डी पुढे केली. मी धोंडूच्या बापाच्या बापाची गाठ मारली आणि अण्णांचं बोट धरून निघालो. पोट आणि गाठ यांचा काही संबंध आहे, हे मला साकव ओलांडेपर्यंत सुचलं नव्हतं.

ताईंची ओटी सारवलेली, गार, आणि तिच्या कोपऱ्यात तो. सुधा खोटं बोलली नव्हती. लालभडक घोडा, पांढरे दात, खरी शेपूट. "या," ताई मला म्हणाल्या, "बसा." मी मागे वळून बघितलं, कोण मोठं माणूस आलंय म्हणून. घोड्यावर सगळ्यांची पाळी येते आणि तुमची दुधानंतर, असं त्यांनी सांगितलं. तोवर मी मणी ओवले, चिंचोके आणि गुंजा वेगवेगळ्या केल्या, सुधाच्या चिंचोक्यांतले दोन माझ्याकडे सरकवले. सगळं उत्तम चाललं होतं. मग दूध आलं. पितळी पेला भरून, वेलची घातलेलं. मी ते प्यायलो, आणि सुधाला नको होतं म्हणून तिचंही अर्धं प्यायलो.

पाचेक मिनिटांत मला धोका कळला. मी परसात गेलो, श्वास आत घेतला. श्वास गेला, पोट गेलं नाही. सहा घावन, नारळाचं दूध आणि दीड पेला जागा सोडायला तयार नव्हते. नाडी पोटात रुतली होती. मी गाठीला नखं लावली. सुधा मागोमाग आलीच होती.

"सुटत नाही ना?" तिनं विचारलं. आवाजात दया होती असं मी म्हणणार नाही. तिनं दातांनी प्रयत्न केला. तिचे पुढचे दोन पडलेले होते. "ही कसली गाठ रे?"

"पोफळीवर चढायची."

"मग पोफळीवर जा."

आयुष्यात नंतर मी बऱ्याच कठीण जागी सापडलो. पण दोन बाजूंनी एवढा कोंडलो तो त्याच दिवशी. पंगतीसारखं झालं, तर पुढच्या वर्षी. ताईंना सांगितलं, तर नाडी येत नाही हे कळणार, म्हणजेही पुढच्या वर्षी. आणि ओटीवरून घोड्याचं डुगडुग ऐकू येत होतं. माझ्या आधीचा मुलगा बसला होता. मी गुडघ्याला गुडघा घासत विचार केला. विचाराला फार वेळ नव्हता. मी ओटीवर गेलो, ताईंच्या समोर उभा राहिलो आणि साऱ्या बालवाडीला ऐकू जाईल असं म्हणालो, "ताई, मला आत्ता जायचंय आणि गाठ सुटत नाही."

ताईंनी 'अहो-जाहो' केलं नाही. त्या "थांब हं" म्हणाल्या आणि खाली बसल्या. बोटं झाली, केसातला आकडा काढून झाला. गाठ बापाची, बापाच्या बापाची. मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात माजघराच्या दारात पान लावत बसलेल्या ताईंच्या सासूबाई उठल्या. "सरक गं," त्या म्हणाल्या. "पुण्याला हे शिकवत नाहीत." त्यांनी अडकित्ता माझ्या नाडीत घातला. कट्! सुपारीचं खांड फुटावं तसा आवाज झाला, आणि मी धावलो. पोचलो. एक थेंबही इकडे-तिकडे नाही. हे मी आजही शपथेवर सांगेन.

परत आलो तो दोन्ही हातांनी चड्डी धरून, आणि घोडा रिकामा. माझी पाळी. मी वर बसलो. पण घोडा डुलायला लागला की त्याचे कान धरावे लागतात, आणि माझे हात गुंतलेले. एकदा पुढे, एकदा मागे, तिसऱ्यांदा मी घोड्याचे कान धरले आणि उरलेलं जग सोडून दिलं.

नेमक्या त्या क्षणी आई आली. कडेवर बाळी, हातात झाकलेली वाटी, "म्हटलं, ताईंना करंज्या द्याव्यात." दिवाळीच्या करंज्या आमच्याकडे केव्हाच संपल्या होत्या. वाटीत काय होतं ते मला कळलं नाही. आईनं घोड्याकडे बघितलं, घोड्यावर बघितलं.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "उतर. पुढच्या वर्षी बघू."

मला उतरवून ताईंनी केळीच्या सोपाची दोरी माझ्या कमरेला बांधत सांगितलं, "वहिनी, काय झालं ते तरी ऐका." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे नाडी आली नाहीच," आई म्हणाली.

"नाही आली. नाडी दहाजणांना येत नाही. पण बाकीची नऊ जणं कोपऱ्यात बसून ओली करतात आणि मग रडतात. हा येऊन सांगून गेला. मला ओळखत नसताना. माझ्यापुरता तो बालवाडीत बसलाच. पुढचं तुम्ही ठरवा."

मी तेवढ्यात, घोडा हातचा जातोय असं वाटून, न्हाणीघरातली पोट आत घेण्याची हकिगतही कबूल करून टाकली. ती कुणी विचारली नव्हती. ताई तोंडाला पदर लावून आत गेल्या. आईनं माझं बोट धरून मला घरी आणलं, आणि वाटीही तशीच परत आणली.

माझा नातू ठाण्याला असतो. मागच्या वर्षी त्याला नर्सरीत घालायचं होतं, तर मुलगा-सून परीक्षेला बसल्यासारखे घामाघूम. रंग येतात का, आकार येतात का, आईवडिलांचीही मुलाखत. मी नातवाला जवळ घेऊन एकच विचारलं, "तुला चड्डी काढता येते का रे?" सून म्हणाली, "बाबा, प्लीज." तिचंही बरोबर आहे. आता सगळीकडे इलॅस्टिक.

तर, आमच्याकडे दुसऱ्या दिवशी, रविवारी, धोंडू मजुरी न्यायला आला, तेव्हा आईनं त्याला अंगणात उभं केलं.

"बांधायला शिकवलंस. सोडायला कोण शिकवणार?"

"वयनी, पोरानं पक्की मागितली, मी पक्की दिली," धोंडू म्हणाला. "सुटते की. ह्ये शेपूट हाय न्हवं आत घातलेलं? ते मागं वडायचं. एका झटक्यात सुटते. न्हायतर रोज मी पायात दोरी घेऊन घरी जाऊ व्हय?"

आईनं त्याला दोनदा ती गाठ मारायला लावली, खांबाला. मग स्वतः मारून बघितली. तिसऱ्यांदा शेपूट ओढलं, सुटली. मी दिवसभर निकालाची वाट बघत तिच्या मागे-पुढे करत होतो.

सोमवारी सकाळी मला दोनच घावन मिळाले. त्यावरून मी ओळखलं. आईनं नवी नाडी ओवली, धोंडूची गाठ मारली आणि शेपूट चांगलं वीतभर बाहेर लोंबत ठेवलं. "हे ओढायचं. विसरलास तर ताईंना सांगायचं. परवासारखं." मी मान हलवली. ती मला साकवापर्यंत सोडायला आली. पलीकडून सुधा ओरडत होती, "चल लवकर, नाहीतर मी आधी घोड्यावर बसेन!" पण माझं बोट आईच्या मुठीत होतं आणि मूठ सैल होत नव्हती. "सावकाश जा," आई म्हणाली. मी "हो" म्हणालो. "धावू नको." "हो." "दूध एकच पेला." "हो." मूठ तशीच. त्या गाठीचं शेपूट कुठे असतं ते मला ठाऊक नव्हतं.

इतक्यात वरून हाक आली. "बाजूला व्हाऽऽ! वयनी, घड सोडतोऽऽ!"

आमच्या वाडीतल्या माणसाला त्या हाकेला विचार करायची सवय नाही. आई झटकन मागे झाली, मी झटकन पुढे. बोट सुटलं. चार पावलांत मी साकवावर, आठ पावलांत पलीकडे. तिथून मागे वळून बघितलं. आई डोक्यावर हात धरून घड पडायची वाट बघत उभी होती. धोंडू रिकाम्या हातानं पोफळीवरून खाली सरकत होता. त्या रांगेचा शेवटचा घड शुक्रवारीच उतरून झाला होता.